मीड म्हणजे काय? घरी बनवलेल्या मीडची बाटली का फुटते?

मध आंबवून केलेल्या मद्याला मीड म्हणतात. बिअरला धान्याचा माल्ट लागतो. मीडला मध, पाणी आणि यीस्ट पुरते.

घरी बनवता येते का?
ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बनवता येते. तिथे घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट १९६३ मध्ये रद्द झाली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे.

मीड कशी तयार होते?
साडेचार लिटर मीडसाठी साधारण १.३ किलो मध घेतात. निर्जंतुक केलेल्या भांड्यात मध पाण्यात विरघळवून वाइन यीस्ट घालतात. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. हा वायू बाहेर जावा, पण हवा आत येऊ नये म्हणून एअरलॉक बसवतात.

बाटली का फुटते?
बुडबुडे थांबले की नवशिके लगेच बाटल्या भरतात. पण थंडीमुळे यीस्ट नुसते सुस्तावलेले असू शकते. ऊब मिळताच ते उरलेली साखर आंबवू लागते, बंद बाटलीत दाब वाढतो आणि काच फुटून गंभीर इजा होऊ शकते.

म्हणून बुडबुड्यांवर नव्हे, हायड्रोमीटरवर भरवसा ठेवावा. रीडिंग १.००० च्या आसपास येऊन आठवडाभर तेवढेच राहिले, तरच बाटली भरावी.