कासवांचें माहेर

लेकीनें पहिल्या बाळंतपणाला माहेरीं यावें, तशी समुद्री कासवाची मादी अंडीं घालण्यास बहुधा जन्मभूमीच्याच किनाऱ्याकडे परतते. केंप्स रिडले या कासवाचें हें माहेर मुख्यतः मेक्सिकोंतील रांचो नुएव्होचा किनारा होय. कोकणांत येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेचें हें जवळचें भाऊबंद.

१९४७ सालीं आन्द्रेस एर्रेरा या अभियंत्यानें तेथें एकाच दिवशीं किनाऱ्यावर चढलेल्या कासवांचें चलच्चित्र घेतलें. त्यांची संख्या पुढें सुमारें ४०,००० मानली गेली. परंतु शास्त्रज्ञांसमोर तें चलच्चित्र आलें १९६१ सालीं. तोंपर्यंत अंडीं बेसुमार काढलीं गेलीं होतीं. शिवाय श्वासासाठीं वर येणारीं हीं कासवें कोळंबीच्या जाळ्यांत अडकून बुडून मरत होतीं. १९६६ मध्यें मेक्सिकोनें किनाऱ्यावर संरक्षण आरंभिलें; तरी १९८५ सालीं अवघीं ७०२ घरटीं आढळलीं.

सारी जात एका किनाऱ्याच्या भरंवशावर राहणें धोक्याचें, म्हणून दुसरें माहेर शोधण्यांत आलें. टेक्सासच्या किनाऱ्याला समांतर पाद्रे नांवाचें वाळूचें अरुंद बेट सुमारें १८० किलोमीटर पसरलें आहे. आखाताच्या लाटा तें झेलतें. मागची खाडी व भूमि त्याच्या आश्रयानें राहतात. १९७८ ते १९८८ या काळांत रांचो नुएव्हो येथील अंडीं तेथील वाळूचा स्पर्श होऊं न देतां गोळा करून पाद्रेच्या वाळूंत ठेवून आणलीं जात. पिलें त्याच बेटावर लाटांपर्यंत चालत जात. मग त्यांना जाळीनें टिपून गॅल्व्हेस्टन येथें कांहीं महिने वाढवीत आणि खुणा करून समुद्रांत सोडीत.

या खटपटीचें फळ दिसण्यास धीर हवा होता. १९९६ सालीं त्या खुणांच्या दोन माद्या पाद्रेवर अंडीं घालतांना आढळल्या. पहिलीं अंडीं आणल्याला तेव्हां अठरा वर्षें झालीं होतीं!

आतां उन्हाळ्यांत कांहीं दिवशीं पहांटे लोकांना पिलें सोडण्याच्या प्रसंगीं पाद्रेवर बोलावतात. आईबापांच्या शेजारीं उभीं राहून मुलें तीं इवलीं पिलें लाटांकडे सरकतांना पाहतात. ही जात अद्यापि नष्टप्राय जातींत मोडते. तिला पुढेंही राखणदार लागतील. एका माणसाच्या चलच्चित्रांत चौदा वर्षें जें अडकून पडलें, तें आज मुलांच्या डोळ्यांसमोर घडतें, हाही या बेटानें दिलेला लाभच होय.