फोर्कलिफ्टचे अपघात आणि अमेरिकेतील सुरक्षा-नियमन (१९१७ ते १९९९) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
औद्योगिक इतिहासात यंत्रामुळे वाढलेल्या उत्पादनाची नोंद विस्ताराने होते; त्या यंत्राखाली जायबंदी झालेल्या कामगाराची क्वचितच होते. फोर्कलिफ्ट व विजेवर चालणारा पॅलेट ट्रक ही याची ठळक उदाहरणे होत. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील नियमनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

यंत्राचा प्रसार :
१९१७ मध्ये मिशिगन राज्यातील क्लार्क कंपनीने कारखान्यांतर्गत मालवाहतुकीसाठी ‘ट्रक्ट्रॅक्टर’ हे वाहन तयार केले. पुढे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी मालहाताळणीमुळे फोर्कलिफ्ट व पॅलेट यांचा वापर झपाट्याने वाढला. हमालाच्या पाठीवरचे ओझे उतरले. परंतु त्याच्या वाटेवर कित्येक टनांचे वाहन आले.

नियमनाची वाटचाल :
२९ डिसेंबर १९७० रोजी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची स्वाक्षरी झाली. १९७१ च्या नियमांनी चालक प्रशिक्षित असावा असे सांगितले. प्रशिक्षणात काय असावे हे मात्र सांगितले नाही. १९८० ते १९९४ या काळात फोर्कलिफ्टशी संबंधित अपघातांत १,०२१ कामगार मृत्युमुखी पडल्याची नोंद राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. १ डिसेंबर १९९८ रोजी सुधारित नियम जाहीर होऊन प्रशिक्षणाचे विषय, प्रात्यक्षिक आणि दर तीन वर्षांनी मूल्यमापन बंधनकारक झाले. पॅलेट ट्रकही या नियमाच्या कक्षेत येतो.

विवेचन :
उपरोक्त मृत्यूंपैकी २२ टक्के वाहन उलटल्यामुळे, तर २० टक्के पायी असलेल्या कामगाराला वाहनाची धडक बसल्यामुळे झाले. भार उंच उचलून वेगाने वळल्यास गुरुत्वमध्य आधाराबाहेर जातो व वाहन कलंडते. अशा वेळी बाहेर उडी घेणारा चालक त्याखालीच चिरडतो. हे धोके प्रशिक्षणाने कमी होऊ शकतात. परंतु धडकेत मरणारा चालक नसतो. त्याच्या रक्षणासाठी पादचारी मार्ग वेगळा राखावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. पॅलेट ट्रकचा चालक तर बहुधा स्वतःच पायी असतो. चाकाखाली पाऊल सापडणे किंवा दांडा व मांडणी यांच्यामध्ये शरीर दाबले जाणे हे त्याचे नेहमीचे धोके होत.

समारोप :
यंत्राच्या आगमनापासून तपशीलवार प्रशिक्षण-नियमापर्यंत सुमारे ८० वर्षे लोटली. तो नियमही मुख्यतः चालकाकडेच पाहतो. ‘चालकाची चूक’ असा शेरा मारून अपघाताची चौकशी थांबल्यास कामाचा वेग, अरुंद वाटा व मालाची रचना हे प्रश्न अनुत्तरित राहतात. श्रमाच्या इतिहासकाराने अपघाताची कागदपत्रे वाचताना या शेऱ्यापलीकडे जाणे आवश्यक आहे.