स्वतःच्या हातातला वस्तरा

मे १६६२. लंडनच्या आरमारी कचेरीतला अधिकारी सॅम्युअल पीप्स रोजनिशीत नोंदवतो, की या आठवड्यात रोज सकाळी त्याने आपली दाढी आपणच केली. साधन मात्र वस्तरा नव्हे, सच्छिद्र प्युमिस दगड. ही युक्ती त्याला एका परिचिताने पोर्ट्‌समथला शिकवली होती. जानेवारी १६६४मध्ये तो वस्तरा हाती घेतो, तेव्हा वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात म्हणून भलताच खूश होतो. दगडापासून वस्तऱ्यापर्यंत यायला त्याला दीड वर्षाहून अधिक काळ लागला.

तोवर दाढी ही बहुधा दुसऱ्याने करायची गोष्ट होती. आपल्याकडे न्हावी धोकटी घेऊन दारी येई. युरोपातला न्हावी दाढीबरोबर रक्त काढणे, गळू फोडणे अशी कामेही करी. त्याचा आणि शल्यवैद्याचा व्यवसाय फ्रान्समध्ये १७४३ साली आणि इंग्लंडमध्ये १७४५ साली कायद्याने वेगळा झाला. धार कशी ओळखावी, वस्तरा किती कलता धरावा, हे ज्ञान उमेदवारी करणाऱ्या पोराला उस्तादाकडून मिळे. गिऱ्हाइकाला ते कधीच मिळाले नव्हते. घरी आरशासमोर वस्तरा उघडणाऱ्याचा हात थरथरे, त्याचे एक कारण हे अज्ञान होते.

पॅरिसचा चाकू-कात्र्या बनवणारा कारागीर झाँ-झाक पेरे याने १७६९ साली स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर पुस्तक काढले. त्याच्या लांबलचक शीर्षकातच धार लावण्याचे दगड कसे पारखावेत आणि वस्तऱ्यासाठी कातडी पट्टा कसा तयार करावा, हे विषय येतात. दाढीच्या पुस्तकात दगड आणि कातडे कशाला? कारण नवशिक्याला भीती धारेची वाटते, पण घात बहुधा बोथटपणा करतो. बोथट पाते केसात अडकते, मग हात जोर लावतो आणि कातडी कापली जाते. चांगल्या धारेला दाब लागतच नाही. कातडी ताणून धरायची, पाते साधारण तीस अंशांत कलते ठेवायचे आणि केसांच्या दिशेने लहान लहान हात फिरवायचे. आधी सपाट गाल. हनुवटी आणि गळा हात बसल्यावर. भिऊन ताठरलेला हात पाते उभे करतो, आणि जखम तिथेच होते.

याच पेरेने भीतीवर दुसराही उपाय शोधला होता. सुताराच्या रंध्यावरून त्याला सुचले, की पात्याला लाकडी आड बसवावी आणि धारेची जेमतेम कड बाहेर ठेवावी. म्हणजे एकाच माणसाने एका हाताने विद्या दिली, दुसऱ्या हाताने विद्येची गरज कमी केली.

इतिहासाने दुसरा हात धरला. १८८०मध्ये अमेरिकेत कँप्फे बंधूंनी आड असलेल्या वस्तऱ्याचे पेटंट घेतले. १९०३मध्ये जिलेटचे जेमतेम ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात मात्र त्याच कंपनीचे रेझर अमेरिकी सैनिकांना लाखोंच्या संख्येने मिळाले. पाते बोथट झाले की फेकायचे, त्यामुळे दगड आणि पट्टा घरातून गेले. आज आपल्या सलूनमध्येही बहुतेक ठिकाणी बदलत्या पात्याचाच वस्तरा दिसतो.

तरीही कोणी हौसेने जुना वस्तरा उघडतो, तेव्हा त्याला पेरेच्या पहिल्याच उपायाकडे वळावे लागते. आड नसेल तिथे ज्ञानच आड येते. म्हणून शिकणाऱ्याने सुरुवात गालापासून नव्हे, पट्ट्यापासून करावी.