खिळ्यावाचून सांधा



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा समाजाच्या इतिहासाविषयी काही लिहावे, अशी मला सूचना केली. इतिहास म्हटला म्हणजे वंशावळी आणि मानपान यांचीच प्रथम आठवण होते. परंतु कारागिराचा खरा इतिहास त्याने घडविलेल्या वस्तूंत असतो, आणि तो वाचावयाचा तर त्या वस्तू उघडून पाहाव्या लागतात. म्हणून प्रस्तुत लेखासाठी मी एक लहानसाच विषय घेतला आहे. दोन फळ्या काटकोनात खिळ्यावाचून एकमेकींस कशा धरून ठेवतात, हा तो विषय होय.

आमच्या घरी आजोबांनी केलेली एक सागवानी पेटी आहे. तिच्या चारही कोपऱ्यांवर एका फळीचे टोक पंख्यासारखे रुंदावत जाऊन दुसऱ्या फळीच्या खाचांत बसलेले दिसते. या जोडास इंग्रजीत कबुतराच्या शेपटीवरून डव्हटेल म्हणतात, व आपल्या कारखान्यांतही आज तोच शब्द रूढ आहे. एका फळीस शेपट्या कापावयाच्या आणि दुसरीस त्यांच्यामध्ये नेमके बसणारे दात. शेपटी टोकाशी रुंद व मुळाशी अरुंद असल्यामुळे ती ओढून निघत नाही. मेजाच्या खणाच्या बाजूच्या फळ्यांस शेपट्या आणि दर्शनी फळीस दात कापतात, याचे कारण हेच. खण दिवसातून दहा वेळा ओढला तरी दर्शनी फळी सुटून हातात येत नाही.

खिळ्याची गोष्ट निराळी. आपल्याकडे वैशाखात लाकूड वाळून आकसते आणि आषाढात फुगते. खिळा मात्र जागचा हलत नाही. परिणामी त्याचे भोक सैल होते, खिळा गंजतो व फळी फाटते. डव्हटेल जोडात चारही फळ्यांचे रेषे पेटीभोवती एकाच दिशेने फिरतात. त्यामुळे फळ्या रुंदीत फुगल्या तर सर्व मिळून फुगतात आणि आकसल्या तर मिळून आकसतात. चार भावांचे घर टिकते ते याच न्यायाने, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

हा जोड फार प्राचीन आहे. ईजिप्तमधील हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांत सापडलेल्या लाकडी सामानात तो आढळतो. आपल्या महाराष्ट्रात कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतास सुमारे 2 हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही आहेत. आपल्या जिल्ह्यात लोणारचे दैत्यसूदन मंदिर पाहावे. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंदिरांत दगडावर दगड चुन्यावाचून, केवळ खाचा व कुसवे यांच्या आधाराने बसवीत. सुताराची आणि पाथरवटाची विद्या मुळात एकच असल्याचे तेथे दिसते.

तथापि आपल्या गावोगावच्या पूर्वजांचे नित्याचे काम पेटीचे नव्हते. घाटावर काय किंवा घाटाखाली काय, बलुतेदार सुताराचे आयुष्य नांगर, वखर, तिफण, डवरा व बैलगाडी यांतच जाई. मृगापूर्वी बाभळीची औते दुरुस्त करावयाची आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्य घ्यावयाचे, असा तो व्यवहार होता. त्या कामात कुसू आणि खाच यांचे राज्य होते. नाजूक जोडास लागणारा सवडीचा वेळ आणि रोकड देणारे गिऱ्हाईक, ही दोन्ही दुर्मिळच होती.

हे चित्र कापसाने पालटले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने जाणारी आगगाडी 1867 मध्ये नागपुरास पोहोचली. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला, आणि खामगावच्या बाजारपेठेची कीर्ती दूरवर पसरली. पैसा आला की तो ठेवावयास पेटी हवी, पेढीस गल्ला हवा, कचेरीस मेज हवे आणि शाळेस कपाट हवे. वाकस चालविणाऱ्या हातास बारीक पटाशी धरण्याचे प्रयोजन अशा कामांतून मिळाले.

आता या जोडाच्या अभ्यासाविषयी. खतकसाने फळीच्या जाडीइतकी रेघ ओढावी. शेपटीचा उतार मऊ लाकडास 6 भागांस 1 आणि सागासारख्या कठीण लाकडास 8 भागांस 1 ठेवण्याचा प्रघात आहे. उतार फार दिला तर शेपटीचे कान तुटतात, कमी दिला तर पकड राहत नाही. करवत रेघेवर चालवू नये, रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवावी. खाच पटाशीने निम्मी एका अंगाने व निम्मी दुसऱ्या अंगाने काढावी, म्हणजे काठ फुटत नाही. शेपट्या तयार झाल्या की त्याच दुसऱ्या फळीवर ठेवून दातांची आखणी करावी, मापावर विसंबू नये. जोड पुनःपुन्हा ठोकून पाहू नये, कारण प्रत्येक वेळी तो थोडा सैल होतो.

हे सर्व मी आजोबांपाशी शिकलो असे कोणास वाटेल, म्हणून खरे ते सांगतो. मी शिकलो नाही. शाळेत असताना वडिलांची हत्यारे खांद्यावरून नेताना वर्गातील मुले दिसली की मी आडवाटेने जात असे. मॅट्रिक झालो, शिक्षक झालो आणि लेखणी हाती आली याचाच मला अभिमान वाटला. याच विदर्भात वर्धा येथे ऑक्टोबर 1937 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. मुलाचे शिक्षण हस्तव्यवसायाच्या द्वारे व्हावे, हा विचार तेथे मांडला गेला. मी तो परीक्षेपुरता पाठ केला आणि पुढे वर्गातही शिकविला, परंतु स्वतः रंधा हाती धरला नाही.

निवृत्तीनंतर त्या पेटीचे झाकण दुरुस्त करावयास बसलो, तेव्हा कोपऱ्याशी खतकसाची बारीक रेघ दिसली. आजोबा निरक्षर होते, कागदावर अंगठा उठवीत. त्यांच्या हातची म्हणून आमच्याजवळ राहिलेली ओळ काय ती तेवढीच, आणि ती केसभरही वाकडी नाही. त्या दिवसापासून मी अभ्यास आरंभिला. पहिल्या जोडात इतक्या फटी होत्या की त्यातून उजेड दिसावा. प्रत्येक तुकड्यावर तारीख घालून तो जपून ठेवला. आज 40 तुकडे झाले आहेत. शेवटच्या 3 तुकड्यांतून उजेड दिसत नाही.

यावरून मला एक गोष्ट उमगली, व तीच या लेखाचे तात्पर्य होय. कला रक्तातून येते असे आपण समारंभांतून अभिमानाने म्हणतो. ती रक्तातून येत असती तर माझा पहिला जोड असा झाला नसता. कला हातातून हातात जाते, आणि मधला एक हात मागे घेतला की साखळी तुटते. आमच्या घरी तो हात माझा होता.

काळाचा दोष नाही असे नव्हे. किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर काढला, पुढे ट्रॅक्टर आला, आता प्लायवूड आणि स्क्रू यांवर फर्निचर उभे राहते. पोटासाठी तेही काम करावे, त्यात कमीपणा नाही. 17 सप्टेंबर 2023 रोजी केंद्र शासनाने सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. हत्यारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तीत तरतूद आहे. परंतु तिचे मूलभूत प्रशिक्षण 5 ते 7 दिवसांचे. हत्यार शासन देईल, हात मात्र आपणच घडविला पाहिजे.

म्हणून समाजातील वडीलधाऱ्यांस नम्र विनंती अशी की, ज्यांच्या हातात अद्याप ही विद्या आहे त्यांनी आठवड्यातून एक तास घरातील मुलास, आणि मुलीसही, जवळ बसवावे व एक जोड कापवून घ्यावा. पुढे ते मूल डॉक्टर होवो वा वकील होवो. पुढील वार्षिक मेळाव्यात गुणपत्रिकांसोबत असे तारीख घातलेले तुकडेही मांडावेत. माझे 40 तुकडे मी घेऊन येईन, पहिल्या फटींसह.