माशी, खाच आणि शंभर यार्ड

बंदुकीच्या नळीच्या टोकावर एक बारीकसा उंचवटा असतो, त्याला मराठीत माशी म्हणतात. मागे डोळ्याच्या बाजूला एक खाच. खाचेत माशी, माशीवर जनावर, झाला नेम. दुर्बीण नाही, लेसर नाही, बॅटरीचा तर प्रश्नच नाही. जिम कॉर्बेटच्या गोष्टी वाचताना आपण वाघ, जंगल, रक्ताचा माग यातच अडकतो. तो किती लांबून गोळी घालतो हे कोण बघतंय? मी यावेळी परत वाचताना फक्त अंतरंच बघत बसलो. (इंजिनिअरिंगचे दुष्परिणाम, दुसरं काय.)

आधी थोडं गणित, घाबरू नका, दहावीचंच आहे. माशी दोन मिलिमीटर रुंद आणि डोळ्यापासून नव्वद सेंटिमीटरवर आहे असं धरा. समरूप त्रिकोण लावले की शंभर मीटरवर ती माशी साधारण बावीस सेंटिमीटर झाकते. चितळाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जेवढी जागा, जवळजवळ तेवढीच! म्हणजे जिथे गोळी लागायला हवी ती जागाच तुम्हाला दिसत नाही. दुसरं गणित चुकीचं. खाच आणि माशी यांच्यात साठ सेंटिमीटर अंतर असेल आणि माशी एकच मिलिमीटर सरकली, तर शंभर मीटरवर गोळी सोळा-सतरा सेंटिमीटर भरकटते. तीस मीटरवर मात्र फक्त पाच. त्यात डोळा बिचारा एकावेळी एकाच अंतरावर फोकस करतो, आणि इथे खाच, माशी, जनावर अशी तीन गिऱ्हाइकं. एक स्पष्ट, दोन धूसर.

गोळीला या कशाचीच अडचण नसते. चांगल्या रायफलची गोळी शंभर यार्ड जेमतेम दशांश सेकंदात कापते आणि पुढे कितीतरी लांब जीव घेऊ शकते. ली-एनफिल्ड या लष्करी रायफलच्या मागच्या पट्टीवर तर दोन हजार यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या! पण ते सैन्याचं काम. तिथे एका माणसाला नाही, समोरच्या अख्ख्या तुकडीच्या दिशेने गोळ्या झाडायच्या असत. शिकाऱ्यासाठी पट्टीवरचा आकडा म्हणजे परवानगी नव्हे. त्याचं अंतर वेगळं: दमलेल्या हाताने, वाकडंतिकडं बसून, पहिलीच गोळी मर्मावर बसेल याची खात्री जिथपर्यंत आहे तिथपर्यंत. उघड्या माशीवर शंभर यार्ड ही बहुतेकांची हद्द मानतात. माझ्या मते गणित बघता तीही उदारच आहे.

आता हे सगळं ‘जनावराला वेदना नकोत’ एवढ्यावरच थांबलं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण कुमाऊं-गढवालमध्ये या अंतराचा हिशेब माणसांच्या जिवात झाला.

चंपावतच्या वाघिणीने कॉर्बेटच्या आकड्यांप्रमाणे नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ माणसं मारली. १९०७ मध्ये तिला मारल्यावर त्याने तिचं तोंड तपासलं. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा दोन्ही सुळे तुटलेले, वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. जुन्या गोळीची जखम. नेहमीची शिकार तिला पकडताच येत नव्हती. कोणीतरी, कधीतरी, गोळी झाडली, ती तोंडाला लागली, आणि तो गृहस्थ घरी जाऊन जेवला असणार. पुढे कॉर्बेटने स्पष्टच लिहिलं की वाघ माणसावर येतो तो बहुतेक वेळा जखमेमुळे, आणि त्यातल्या पुष्कळ जखमा निष्काळजीपणे झाडलेल्या, मागोवा न घेतलेल्या गोळ्यांच्या असतात.

रुद्रप्रयागचा बिबट्या तर आणखी वाईट उदाहरण. १९२१ मध्ये दोन तरुण लष्करी अधिकारी तिथल्या झुलत्या पुलाच्या बुरुजांवर रात्र-रात्र बसले. बिबट्या खरोखर आला, गोळी झाडली, ती पंजाला चाटून गेली. त्यानंतर तो आणखी पाच वर्षं जगला! सरकारी आकडा एकूण १२५ बळींचा. मे १९२६ च्या सुरुवातीला कॉर्बेटने आंब्याच्या झाडावर बसून, रायफलला टॉर्च बांधून त्याला मारलं, तेव्हा मागच्या पंजाची जुनी जखम सापडली. नरभक्षक तो आधीच होता, तेव्हा त्या दोघांनी त्याला बिघडवलं असं नाही. आणि अंधारात उघड्या माशीने नेम धरणं म्हणजे काय ते वरच्या गणितावरून कळतंच. पण ‘लागली तर लागली’ गोळीची किंमत गढवालच्या गावांनी मोजली हे खरंच.

कॉर्बेट स्वतः किती जवळ जायचा? चंपावतला त्याच्याकडे तीनच काडतुसं होती. ती संपली तेव्हा त्याने तहसीलदाराची बंदूक मागून घेतली आणि वीसेक फुटांवरून झाडली. जबड्यावर धरलेला नेम पंजावर गेला, इतकी ती बंदूक खिळखिळी होती. सुदैवाने वाघीण आधीच्या गोळ्यांनीच संपत आली होती. १९३० मध्ये चौगढची वाघीण समोर आली ती आठ फुटांवर, आणि याच्या एका हातात पक्ष्याची अंडी. दुसऱ्या हाताने हळूहळू रायफल फिरवून गोळी घातली. ही पॉइंट २७५ रिग्बी चंपावतच्या कामगिरीबद्दल सर जॉन ह्युएट यांनी त्याला भेट दिलेली.

गंमत म्हणजे हेच हलकं काडतूस वापरून बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले. हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे ते त्याने शोधलं होतं, मग जवळ जाऊन एकच गोळी. अंतराच्या बाबतीत माणूस निर्दोष. धंदा हस्तिदंताचा, एकूण आकडा हजाराच्या वर. ‘नैतिक’ हा शब्द इथे कुठे चिकटवायचा ते तुम्हीच ठरवा, मला जमलं नाही.

ठाकची वाघीण ही कॉर्बेटची शेवटची नरभक्षक, नोव्हेंबर १९३८. वय ६३. या वयात माशी धूसरच दिसणार. संध्याकाळचा उजेड संपत आलेला, तेव्हा त्याने वाघाची हाक काढून तिला अगदी जवळ बोलावलं. तोपर्यंत त्याला सिने कॅमेऱ्याचा नाद लागला होता. कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बिचकतात म्हणून त्याने ओढ्याच्या खळखळाटात लपण करून त्यांची फिल्म घेतली. तिथेही जवळ जाण्यावाचून गत्यंतर नव्हतंच.