तुकड्यांतून जोडलेला प्रवास

डोंगराच्या कड्यावर उभा राहिलेला मनुष्य प्रथम काय करतो? तो मान फिरवितो. खाली दरीत डोकावतो, समोरच्या शिखरावर नजर ठेवतो, पायाखालचा दगड डळमळत तर नाही ना हे पाहून घेतो आणि पुन्हा वर ढगांकडे पाहतो. या सगळ्या पाहण्याची बेरीज म्हणजे त्याने पाहिलेली दरी होय. कॅमेऱ्याला मान नाही. एका जागी, एका डोळ्याने, सेकंदाच्या शंभराव्या अंशात जे समोर येईल तेवढेच तो टिपतो. म्हणूनच सहलीहून परतल्यावर फिल्म धुऊन आली की पुष्कळांची निराशा होते. ज्या दरीने छाती दडपली होती ती पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ओढ्याच्या घळीसारखी दिसते.

ही निराशा नवी नाही. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ ते १८७० या काळात हिंदुस्थानात होता. त्याने हिमालयाच्या तीन मोठ्या सफरी केल्या. काचेच्या जड पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या आणि अंधारखोलीचा तंबू वाहून नेणाऱ्या हमालांचा तांडा त्याच्याबरोबर असे. १८६६ मध्ये त्याने मणिरंग खिंडीतून, अठरा हजार फुटांहून अधिक उंचीवरून छायाचित्रे घेतली. तथापि विलायतेतील छायाचित्रणविषयक नियतकालिकाला पाठविलेल्या प्रवासपत्रांतून त्याची एक तक्रार डोकावते: हे पर्वत चित्राच्या चौकटीत मावत नाहीत. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता कॅमेरा हाती घेणारे आणि पुढे हैदराबादच्या निजामाकडून ‘राजा’ ही पदवी मिळविणारे लाला दीनदयाळ यांनीही किल्ले, देवळे आणि घाट काचेवरच उतरविले. त्यांच्याही पुढे अडचण तीच होती.

या अडचणीवर पहिला तोडगा निघाला तो चोरीछुपे जोडण्याचा. त्या काळच्या काचपट्ट्या निळ्या रंगाला अतिशय संवेदनशील असत. जमीन नीट उमटेपर्यंत प्रकाश दिला की आकाश जळून पांढरेफटक होई. आकाशाला धरून प्रकाश दिला तर समुद्र काळाठिक्कर पडे. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास यावर युक्ती काढली. समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी, अशा दोन काचा त्याने क्षितिजाच्या रेषेवर जुळविल्या आणि एकाच कागदावर छापल्या. त्याची सेत येथील प्रचंड लाट पाहून लोक थक्क झाले. ती लाट आणि तिच्यावरचे ते ढग एका क्षणाचे नव्हते, हे पुष्कळांच्या ध्यानीही आले नसेल. १८५८ मध्ये फेलिचे बेआतो याने लखनौची विस्तीर्ण दृश्ये घेतली ती शेजारी शेजारी घेतलेल्या अनेक छायाचित्रांच्या कडा जुळवून. या सर्वांचा कटाक्ष एकच होता, तो म्हणजे सांधा दिसता कामा नये. शिंप्याने फाटलेले वस्त्र रफू करावे तसे हे काम होते, आणि रफूची कीर्ती ते न दिसण्यातच असते.

सांधा उघडा ठेवण्याचे धैर्य पहिल्यांदा दाखविले ते कलावंतांनी नव्हे, तर घरात बसलेल्या स्त्रियांनी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात भेटपत्रिकेएवढ्या छायाचित्रांचे पीक आले होते. खानदानी स्त्रिया त्यांतील चेहरे कात्रीने कापून आल्बममध्ये डिंकाने चिकटवीत आणि भोवती जलरंगांनी निसर्ग रंगवीत. केट एडिथ गफ या बाईंच्या १८७०–८० च्या दशकातील आल्बममध्ये तळ्यावर पोहणाऱ्या बदकांच्या धडांवर स्त्रियांची मस्तके बसविली आहेत. हा आल्बम लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. कलेच्या इतिहासकारांनी अशा आल्बमांना दीर्घकाळ दिवाणखान्यातील करमणूक म्हणून बाजूस सारले. हा अन्याय होता, कारण पुढील शतकात ज्याला क्रांती म्हणून डोक्यावर घेतले त्याचे बीज याच दिवाणखान्यात पडलेले दिसते.

आपल्याकडेही याचे भावंड आहे. राजस्थानातील नाथद्वारा येथे श्रीनाथजींच्या दर्शनाला जाणारे यात्रेकरू विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मनोरथ’ नावाची चित्रे करवून घेत. देवाचे मंदिर, पडदे, नैवेद्य आणि पुजारी चितारी रंगवी, आणि यजमान कुटुंबाची छायाचित्रातील मस्तके कापून रंगविलेल्या देहांवर चिकटवी. यात्रा घडली याची ती साक्ष होती. कलेच्या नव्या संप्रदायाचा तेथे कुणाला विचारही नव्हता.

आश्चर्य असे की बर्लिनच्या दादावादी कलावंतांना प्रेरणा मिळाली तीही अशाच एका घरगुती चित्रातून. १९१८ च्या उन्हाळ्यात राउल हाउसमान आणि हाना ह्योख ही जोडी बाल्टिक समुद्रकाठच्या एका खेड्यात सुट्टीला गेली होती. तेथील घराघरांत शिपायाचे एक रंगीत छापील चित्र टांगलेले असे. मागे बराकी, अंगात रुबाबदार गणवेश; फक्त तोंड तेवढे त्या घरातील मुलाचे, छायाचित्रातून कापून चिकटविलेले. हाउसमानच्या सांगण्याप्रमाणे त्याला छायाचित्रांच्या जुळणीची कल्पना तेथे सुचली. ह्योख बाई बर्लिनच्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत भरतकामाचे नमुने काढण्याचे काम करीत, त्यामुळे सचित्र नियतकालिकांचे ढीग त्यांच्या हाताशी असत. स्वयंपाकघरातील सुरीचा उल्लेख ज्याच्या नावातच आहे ते त्यांचे प्रसिद्ध चित्र १९१९-२० चे. पुढे नाझींनी अशा कलेला भ्रष्ट ठरविले. १९३९ मध्ये ह्योख बर्लिनच्या उत्तर टोकाला हायलिगेनझे येथील एका लहानशा घरात जाऊन राहिल्या, बागेत भाजीपाला आणि फुलझाडे लावीत राहिल्या, आणि स्वतःची व मित्रांची चित्रे त्यांनी तेथे जिवापाड सांभाळली. ती सापडली असती तर त्यांच्यावर काय प्रसंग ओढवला असता हे सांगायला नको. त्या काळातील पुष्कळसे साहित्य आज पाहावयास मिळते ते या एका स्त्रीच्या चिवटपणामुळे.

परंतु दादावाद्यांनी कापली ती दुसऱ्यांनी घेतलेली, छापलेली छायाचित्रे. स्वतः प्रवास करून, स्वतःच्या फिल्मवर निसर्ग टिपून, त्या प्रतींतूनच चित्र रचावयाचे हा विचार निराळा आहे. त्यासाठी कॅमेरा सामान्य माणसाच्या खिशात यावा लागला. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनच्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली येई आणि ती संपली की सबंध कॅमेराच कारखान्याकडे पाठवावा लागे. तेथून पुढे फिल्म स्वस्त होत गेली, प्रवासी वाढत गेले आणि आल्बम फुगत गेले. या फुगलेल्या आल्बमांतूनच डेव्हिड हॉकनी हा चित्रकार पुढे आला.

हॉकनीचा जन्म १९३७ मध्ये इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या गावी झाला. त्याची कीर्ती रंगचित्रांची. छायाचित्रांबद्दल त्याला फारसा आदर नव्हता. १९८२ च्या आरंभी पॅरिसच्या पाँपिदू केंद्राचे क्यूरेटर आलँ सायाग त्याच्या छायाचित्रांची निवड करण्यासाठी लॉस एंजेलिसला त्याच्या घरी आले. निवडीची नोंद ठेवण्यासाठी आणलेली काही पोलरॉइड फिल्म ते गेल्यावर मागे उरली. त्या उरलेल्या फिल्मवर हॉकनीने घराच्या खोल्या, सज्जा आणि बाग यांचे तुकड्यातुकड्यांनी चित्रण केले आणि ते चौकोन ओळीने मांडले. पुढील काही महिन्यांत अशी शंभरावर जोडचित्रे त्याने केली. फिल्म उरली नसती तर काय झाले असते, असा प्रश्न इतिहासाला विचारून उपयोग नसतो. पण तो मनात आल्यावाचून राहत नाही.

पोलरॉइडचा गुण असा की चित्र तेथल्या तेथे हातात पडे, म्हणून पुढचा तुकडा कोठून घ्यावा हे कळे. दोष असा की प्रत्येक चौकोनाला पांढरी किनार असे. दृश्य जणू खिडकीच्या गजांमागे अडकून पडे. त्याच वर्षी त्याने साधा निगेटिव्ह फिल्मचा लहान कॅमेरा घेतला. आता किनार गेली, प्रती एकमेकींवर चढविता येऊ लागल्या. मात्र धुलाई होऊन येईपर्यंत काय घेतले आणि काय राहिले हे डोक्यात ठेवणे आले. फिल्म तो साध्या व्यापारी दुकानातच धुण्यास देई. दुकानदार अंधुक किंवा वाकडी चित्रे बाद करीत असत, म्हणून काहीही असो, सगळे छापा, अशी ताकीद त्याला द्यावी लागे. ज्या तुकड्याला दुकानदार बिघडलेला म्हणे, नेमका तोच त्याला हवा असे.

सप्टेंबर १९८२ मध्ये तो अॅरिझोनातील ग्रँड कॅनियनच्या कड्यावर गेला. जी जागा एका छायाचित्रात मावत नाही अशी सर्वांची कबुली, तीच त्याने मुद्दाम निवडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात यॉर्कशायरमधील बोल्टन ॲबे येथे त्याने आपल्या आईचे जोडचित्र केले. म्हातारी कोट घालून भग्न मठाच्या आवारातील थडग्यांत बसली आहे आणि चित्राच्या खालच्या कडेला मुलाच्या बुटांची टोके दिसतात. पाहणारा कोठे उभा होता हे चित्रच सांगते. ल ग्रेने जे झाकले होते ते येथे उघड्यावर आले.

या प्रयोगांतील विचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे चित्र जपानातील आहे. क्योतोच्या र्‍योआनजी मंदिरात रेतीची एक प्रसिद्ध बाग आहे. रेतीत पंधरा खडक असे मांडले आहेत की ओसरीवर कोठेही बसले तरी एखादा तरी खडक दृष्टीआड राहतोच. फेब्रुवारी १९८३ मध्ये हॉकनीने एका जागी बसून तिचे जोडचित्र केले. लांबचौकोनी बाग त्यात निमुळती होऊन त्रिकोणी भासू लागली. दोन दिवसांनी त्याने ओसरीच्या कडेने चालत, थोड्या थोड्या अंतरावर थांबत पुन्हा छायाचित्रे घेतली. ती जुळविली तेव्हा बाग लांबचौकोनीच राहिली, आणि खाली त्याच्या मोजे घातलेल्या पावलांची रांग उमटली. युरोपने पंधराव्या शतकापासून शिरोधार्य मानलेला एका बिंदूकडे धावणाऱ्या रेषांचा नियम चार पावले चालल्याबरोबर ढिला पडतो, ही गोष्ट त्याने कागदावर दाखवून दिली. पहाडी लघुचित्रांच्या रसिकांना याचे नवल वाटणार नाही. तेथे अंगण वरून दिसते, माणसे समोरून दिसतात, आणि एकच नायिका एका चित्रात दोनदा भेटते.

११ ते १८ एप्रिल १९८६ या दिवसांत घेतलेल्या छायाचित्रांतून ‘पेअरब्लॉसम हायवे’ हे त्याचे सर्वांत मोठे जोडचित्र तयार झाले. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला वाळवंटातील एक रुक्ष चौरस्ता, जोशुआची काटेरी झाडे, कडेला पडलेले रिकामे डबे आणि बाटल्या. सौंदर्यस्थळ म्हणून तेथे कुणी मोटार थांबविणार नाही. रस्त्यावरच्या पाट्या समोरासमोर दिसाव्यात म्हणून तो शिडीवर चढला. कचरा टिपण्यासाठी जमिनीशी वाकला. सातशेहून अधिक प्रतींतून हे चित्र उभे राहिले. त्यात उजवी बाजू पाट्या वाचीत जाणाऱ्या चालकाची आणि डावी बाजू इकडेतिकडे पाहत बसलेल्या सोबत्याची. दूरचे दृश्य वाटते ते वस्तुतः शेकडो जवळच्या दृश्यांचे बनले आहे. हे चित्र पुढे लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाकडे गेले.

यानंतर जगभर अशा जोडचित्रांची साथ आली. शाळाशाळांतून मुले प्रती पसरू लागली. त्यांतील पुष्कळशी पत्त्यांचा डाव उधळल्यासारखी दिसतात, याचे कारण उघड आहे. हॉकनीच्या हातात कॅमेरा असला तरी मनात रेखाटनाची पेन्सिल होती. भिंगाचे अंतर मध्येच बदलले की तुकड्यांचे प्रमाण बिघडते. कडा एकमेकींवर येतील इतके दृश्य प्रत्येक वेळी घ्यावे लागते. छत्तीस चित्रांच्या गुंडाळीत कोणता दगड दोनदा घ्यावयाचा आणि कोणता सोडावयाचा हे आधी ठरवावे लागते. तासाभरात सावल्या सरकतात. त्या सरकू द्याव्यात, कारण गेलेला तासही चित्रातच येतो. शिवाय कागदाचा प्रश्न आहेच. रंगीत प्रतींतील रंगद्रव्ये उजेडात फिकी पडतात आणि रबराच्या चिकटाने काही वर्षांत तपकिरी डाग उमटतात. १८५७ ची लाट अजून टिकून आहे. काल-परवाचे कितीतरी सूर्यास्त मात्र आल्बममध्येच मावळले. पोलरॉइड कंपनीने तर २००८ मध्ये आपल्या तत्काळ फिल्मचे उत्पादन थांबविल्याचे जाहीर केले. पुढे काही जिद्दी लोकांनी नेदरलँड्समधील तिचा कारखाना ताब्यात घेऊन तशी फिल्म पुन्हा बनविली.

हॉकनी स्वतः मात्र तोवर रंगांकडे परतला होता. १९९८ मध्ये त्याने ग्रँड कॅनियन पुन्हा हाती घेतले, या वेळी तैलरंगांत. जुन्या जोडचित्राच्या आधारे काढलेले हे चित्र सात मीटरांहून अधिक लांब आहे आणि ते एका कापडावर नाही. साठ लहान कॅनव्हास शेजारी शेजारी लावून ते बनले आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने १९९९ मध्ये ते विकत घेतले. कॅनबेरा येथे त्यापुढे उभे राहणाऱ्याला लाल-केशरी कड्यांच्या मधून जाणाऱ्या साठही तुकड्यांच्या रेषा स्पष्ट दिसतात. आणि सबंध दरी पाहावयाची तर त्याला मान फिरवावी लागते.