विवेकसिंधूचा कर्ता कोठला?

तेलगावाहून धारूरचा घाट चढून अंबाजोगाईस मुकुंदराजांच्या समाधीपुढे नतमस्तक होणाऱ्या भाविकाच्या मनात ‘विवेकसिंधू’च्या कर्त्याचे गाव हेच, याविषयी किंतु नसतो, परंतु ग्रंथातील अंबानगरी वैनगंगेच्या तीरी वर्णिलेली असल्यामुळे विदर्भातील आंभोराही या कवीवर आपला दावा सांगतो. शके १११०, म्हणजे सन ११८८, हा रचनाकाल मानावा, तर उपलब्ध पोथ्यांची भाषा अर्वाचीन भासते. मात्र कर्त्याच्या हातची प्रत नसून केवळ नकला उरणे, ही अडचण आपल्याच ग्रंथांची नव्हे: जर्मनीत संगीतकार बाखच्या नावे विश्वविख्यात झालेली ऑर्गनवरील डी मायनर टोकाटाही कर्त्याच्या हस्ताक्षरात उरलेली नाही. योहानेस रिंक याच्या नकलेवरच तिच्या कर्तृत्वाचा वाद चालतो. नकलकार पिढ्यानुपिढ्या जुनी रूपे बदलीत आले असता, केवळ भाषेवरून मुकुंदराजांचा काळ अलीकडे ओढणे मला मुळीच मान्य नाही.